गावच्या नाटकाला जाताना: शाळेतल्या छळावरचं नाटक पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

कोकणात नव्याने राहायला आलेल्यांना, आणि इथेच जन्मून आजवर फक्त दशावतारच बघितलेल्यांनाही, हौशी मंडळाच्या छोट्या नाटकाला जायचं म्हटलं की दोन-चार गोष्टी कुणी सांगत नाही. मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं अशा नाटकांच्या मागेपुढे असतो. कधी तिकिटाच्या टेबलावर, कधी लाइटच्या डिमरपाशी, बहुतेक वेळा प्रेक्षकांत. गेल्या हंगामात आमच्याकडे एक सव्वा तासाचं नाटक झालं. विषय होता शाळेतली मुलं एकमेकांना देतात तो त्रास. ते मी तीनदा बघितलं, तिसऱ्या खेपेला सातवीतल्या भाचीला घेऊन. त्या तीन खेपांत जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे लिहितोय.

बातमी, तिकीट, वेळ

ॲपवर शोधू नका, काही सापडणार नाही. अशा नाटकाची बातमी एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर आणि शाळेच्या पालक ग्रुपवर येते, तीही जेमतेम चार दिवस आधी. हंगाम मात्र ठरलेला. पावसात भाताची लावणी, मग गणपती, मग भातकापणी, तोवर कुणाला उसंत नसते. दिवाळी झाली की राज्य नाट्य स्पर्धेचं वारं सुटतं. रत्नागिरी हे तिचं एक केंद्र. स्पर्धेसाठी बसवलेली नाटकं मग आसपासच्या गावांतून फिरतात. शाळांची गॅदरिंगं त्याच सुमारास. शिमग्यानंतर परीक्षा, म्हणजे पुन्हा शांतता. मे महिन्यात चाकरमानी आले की शेवटची एक लाट.

रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण दहा-बारा पोरांचं नाटक तिथे लागेलच असं नाही, ते शाळेच्या हॉलमध्ये बघायची तयारी ठेवा. हॉल म्हणजे काय, तर दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढलेलं, बाकं एकमेकांना बांधून त्यांवर सतरंजी टाकलेली, आणि पडदा ओढायला एक पोरगा दोरी धरून उभा.

तिकिटावर ‘देणगी प्रवेशिका’ असं छापलेलं असतं. रक्कम फार नसते. ओळख काढून पास मागू नका. नेपथ्याचा टेम्पो, लाइटवाल्याचं भाडं आणि पोरांचे वडापाव त्यातूनच निघतात.

पत्रिकेवर साडेसहा असेल तर साडेसहालाच पोचा, मात्र नाटक सव्वासातच्या आत सुरू होईल ही आशा सोडा. आधी नटराजाची पूजा, मग शाल-श्रीफळ, मग ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उठलेल्यांची वीस मिनिटं. काही ठिकाणी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. नवखे गप्प बसतात. बसू नका, म्हणा. हॉल तिथेच एक होतो.

परतीची सोय निघायच्या आधी बघून ठेवा. शेवटची एसटी कितीची ते स्टँडवरच विचारा, कुणाच्या आठवणीवर जाऊ नका. दुचाकीने असाल तर रात्री रस्त्यात बसलेली गुरं ध्यानात ठेवा. डासांचं मलम, पाण्याची बाटली आणि एक छोटी बॅटरी एवढं सामान पुरे.

कुठे बसायचं

पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या. तिसऱ्या ते सहाव्या रांगेत, मधोमध, पंख्याच्या थेट खाली येणार नाही अशी खुर्ची धरा. मुलांचे आवाज बारीक असतात, माइक दोनच आणि तेही वर टांगलेले. पंख्याच्या घरघरीत अर्धी वाक्यं जातात. खिडकीजवळ वारा छान लागतो, पण समुद्रावरून येणारा तो वारा उरलेली अर्धी वाक्यंही घेऊन जातो.

मूल बरोबर असेल तर त्याला तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये कोंडू नका. कडेची खुर्ची द्या. असं नाटक चालू असताना एखाद्या पोराला उठून बाहेर जावंसं वाटतं. लघवीला जातो म्हणाला तर जाऊ द्या, ‘आत्ताच कशी आली’ म्हणून विचारू नका.

घरून निघताना मुलाला विषय एका वाक्यात सांगा. ‘वर्गात एका मुलाला सगळे त्रास देतात, त्याची गोष्ट आहे.’ बास. ‘बघ हं, यातून काहीतरी शिकायचंय’ असं म्हणालात की मूल तिथेच दार लावून घेतं.

हसू आलं तर हसा, पण कुठे हसलात ते ध्यानात ठेवा

बाकीचं विसरलात तरी चालेल, हे एवढं विसरू नका.

मी बघितलेल्या नाटकातला मुलगा आठवीतला, बाप होडीवर जाणारा. वर्गाने त्याचं नाव पाडलंय ‘बांगडो’. पहिल्या प्रवेशात तो वर्गात शिरतो आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘ए बांगड्या, थयसर बस, वास येता!’ हॉल खळखळून हसतो. पहिल्या खेळाला मीही हसलो. मालवणीत शिवीसुद्धा गोड लागते, आणि पोराने टायमिंगही झकास साधलं होतं.

तिसऱ्या प्रवेशात मधली सुट्टी. त्याचा डबा एक मुलगा उचलतो आणि पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. कुणी मारत नाही, ढकलत नाही, मोठ्याने बोलतही नाही. डबा नुसता बाकांवरून फिरत राहतो आणि तो मुलगा ‘माझो डबो दी रे, माझो डबो दी’ म्हणत त्याच्यामागे. दिग्दर्शकाने डब्यात खरीखुरी भाजलेली सुकट ठेवली होती. झाकण उघडलं तसा वास चौथ्या रांगेपर्यंत आला. आमच्यातल्या निम्म्यांनी दुपारी तीच खाल्ली असणार, तरी दोघा-तिघांचा हात नाकाकडे गेला. डबा उपडा झाला. मुलगा खाली बसला, सांडलेली सुकट वेचून त्याने झाकणात भरली, शर्टाचं टोक ओढून डब्याची कडा पुसली, मग आतली बाजू पुसली, मग परत कडा. मिनिटभर तो एवढंच करत होता. संगीत नाही, संवाद नाही. पंखे तेवढे ऐकू येत होते.

पहिल्या प्रवेशातलं आपलं हसू तेव्हा परत येतं. म्हणून म्हणतो, कुठे हसलात ते ध्यानात ठेवा. अशा नाटकात प्रेक्षकांनाही एक भूमिका दिलेली असते आणि ती त्यांना आधी सांगितलेली नसते.

मस्ती की छळ, हे ओळखायचं कसं

नाटक बघताना शेजारचे काका हमखास म्हणणार, ‘आमच्या वेळी याच्यापेक्षा जास्त व्हायचं, आम्ही काय मेलो?’ वाद घालू नका, नाटक बघायचं राहील. पण स्वतःपुरती एक कसोटी हाताशी असू द्या. नॉर्वेत काम केलेल्या डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याने धरलेल्या तीन खुणा आजही वापरतात: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे नुसती ताकद नव्हे. संख्या, वय, पैसा, जात, बोलण्यातली हुशारी, यांतलं काहीही. दोन सारखी पोरं रिंगणात एकमेकांना लोळवतात ते भांडण. सहा जण मिळून रोज एकाच्याच डब्यावर हात मारतात ते निराळं.

तेव्हा नाटकात मोजत बसा. नाव किती वेळा उच्चारलं गेलं? पहिल्यांदा त्या मुलाने कसं घेतलं, चौथ्यांदा कसं? आमच्या नाटकात तो पहिल्यांदा स्वतःही हसतो. चौथ्यांदा हसतो तेव्हा त्याचे फक्त दात दिसतात. त्या पोराला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही, पण राज्य स्पर्धेतल्या कसलेल्या नटालाही ती जागा सहज मिळाली नसती.

नजर मागच्या बाकांवर ठेवा

नवखा प्रेक्षक दोघांकडेच बघतो, छळणारा आणि छळला जाणारा. पहिल्या खेपेला तसंच होणार. पण जमेल तितकं बाकीच्यांकडे बघा. आमच्या नाटकात अकरा मुलं होती, त्यांतल्या आठांना मिळून दहा वाक्यंही नव्हती. एक जण डबा पुढे देतो. एक देत नाही, पण हसतो. एक मुलगी वहीत डोकं घालून बसते. एक खिडकीबाहेर बघतो. डबा तिच्याकडे येतो तेव्हा ती वहीवाली क्षणभर तो धरून ठेवते. सगळा हॉल श्वास रोखतो. मग ती तो पुढे देते.

कॅनडात शाळांच्या मैदानांवर प्रत्यक्ष चित्रीकरण करून एक अभ्यास झाला होता, तो २००१ साली छापून आला. त्यात दिसलं की असे प्रसंग घडताना बहुतेक वेळा आजूबाजूला दुसरी मुलं असतातच. मध्ये मात्र फार थोड्या वेळा कुणी पडतं. आणि पडलंच, तर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबतो. ती वहीवाली मुलगी डबा धरून उभी राहते तेव्हा मला हेच आठवत होतं. दिग्दर्शकाने हा अभ्यास वाचला असेल असं नाही. त्याने शाळेत वीस वर्षं शिकवलंय, तेवढं पुरेसं आहे.

न पटलेलंही सांगतो. चौथ्या प्रवेशात त्या दादागिरी करणाऱ्या मुलाचं घर दाखवलंय. बाप दारू पिऊन येतो, मुलाला मारतो, म्हणून मुलगा शाळेत दुसऱ्यांना छळतो. हे फारच सरळ गणित झालं. सुखवस्तू घरातली, वर्गात पहिली येणारी, सरांची लाडकी मुलंही हे करतात, आणि ती सापडत नाहीत. अशी मांडणी दिसली तर हळहळा जरूर, पण सगळं उत्तर मिळालं असं समजून घरी जाऊ नका.

मध्येच काही बिघडलं तर

बिघडतंच. दुसऱ्या खेळाला नेमक्या डब्याच्या प्रवेशात लाइट गेली. अशा वेळी दोनशे लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावून स्टेजवर मारायचे नसतात, मुलांचे डोळे दिपतात आणि पुढचं वाक्य विसरतं. गप्प बसून राहा. जनरेटर असेल तर दोन मिनिटांत सुरू होतो, नसेल तर मंडळवाले बघून घेतात. त्या दिवशी विंगेतून कुणीतरी एक इमर्जन्सी दिवा जमिनीवर सरकवला आणि प्रवेश त्याच्यावर झाला. तिन्हींत तोच उत्तम झाला असं माझं मत आहे.

पोरगं वाक्य विसरलं तर खालून सांगू नका. दशावतारात लिखित संहिता नसते, नट संवाद जागच्या जागी जुळवतो, आणि प्रेक्षक रात्रभर त्याच्याशी बोलत बसतात. ती सवय इथे घेऊन येऊ नका. आमच्याकडे एक आजी पहिल्या प्रवेशातच ओरडल्या, ‘अगो, हो आमच्या आवाठातलो झील!’, म्हणजे आमच्या वाडीतला पोरगा. झील लाजला आणि पुढची दोन वाक्यं गिळली.

लहान मुलं मात्र ओरडणार. ‘रे, सरांका सांग!’ असं तिसरीतलं एक पोर जिवाच्या आकांताने ओरडलं होतं. त्याला कुणी दटावू नये.

पडदा पडल्यावर

लगेच उठू नका. अशा नाटकानंतर बऱ्याच ठिकाणी वीस मिनिटं बोलणं असतं, आणि ते नाटकाचाच भाग धरा. काही मंडळं एखादा प्रवेश पुन्हा करतात आणि प्रेक्षकांतल्या कुणालाही वर बोलावतात: तू त्या वहीवाल्या मुलीच्या जागी असतास तर काय केलं असतंस, करून दाखव. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी रुजवलेली ही पद्धत, तिला फोरम थिएटर म्हणतात. मोठ्यांनी इथे हात वर करायची घाई करू नये. मुलं थांबून थांबून उठतात. आणि सूचना भाषणात देऊ नका, ‘मुलांनी धीट व्हायला हवं’ वगैरे. त्या हॉलमध्ये एखादं पोर असतं ज्याला ते रोज घरी ऐकायला मिळतं.

मग विंगेत जाऊन मुलांचं कौतुक करायचं असतं. इथे माझी चूक सांगतो. पहिल्या खेळानंतर मी त्या मुख्य पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘काय रे बांगड्या, कमाल केलीस!’ पोर हसलं. त्याची आई मागे उभी होती, हातात त्याचा शाळेचा शर्ट. ती हसली नाही. ‘भाऊ, त्येचा नाव वेगळा आसा,’ एवढंच म्हणाली आणि तिने मला नाव सांगितलं. गाव लहान असतं. दुसऱ्या दिवशी बाजारात, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे तो ‘बांगडो’ झाला असता आणि सुरुवात माझ्यापासून. तेव्हा नटाचं खरं नाव पत्रिकेवरून वाचून ठेवा आणि त्याच नावाने हाक मारा. दादागिरी करणारं पात्र ज्याने केलंय त्याच्याकडेही जा. त्याच्याकडे सहसा कुणी जात नाही.

मूल बरोबर असेल तर परतीच्या वाटेवर

गाडीत बसल्या बसल्या ‘तुला पण शाळेत कुणी त्रास देतं का?’ हा प्रश्न नको. उत्तर ‘नाही’ असंच येतं. मी भाचीला विचारलं, ‘ती खिडकीबाहेर बघणारी पोरगी काय बघत असेल गं?’ नाटकात खिडकीबाहेर बघणारा मुलगा होता. तिने मला दुरुस्त केलं, आणि मग अर्धा रस्ता त्याच्याविषयी बोलत राहिली. चुकून झालं, पण युक्ती चांगली आहे. कडेच्या पात्राबद्दल विचारा. मूल स्वतः जिथे उभं असतं तिथूनच उत्तर देतं.

आणि समजा त्याने काही सांगितलंच, तर त्या रात्री फक्त ऐकून घ्या. ‘तू काय केलंस मग?’ हेही लगेच नको. समोरच्या मुलाच्या घरी तडक जाऊ नका, आपल्याकडे दोन पोरांचं प्रकरण दोन वाड्यांचं व्हायला एक संध्याकाळ पुरते. काय झालं, कधी, कुठे, आसपास कोण होतं, हे तारखेनिशी लिहून ठेवा आणि वर्गशिक्षकांना एकांतात भेटा. नंतर मुख्याध्यापक, आणि गरज पडली तर शाळा व्यवस्थापन समिती. तोंडी बोलणं झालं तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. त्रास शिक्षकांकडूनच असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, हे माहीत असू द्या. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मूल स्वतःही लावू शकतं. मनावर जास्त परिणाम दिसत असेल तर १४४१६ वर, म्हणजे टेलिमानसवर, समुपदेशक बोलतात. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, मुलाच्या उंचीला.

नाटक आपल्या शाळेत न्यायचं असेल तर

आवडलं तर मंडळाला आपल्या गावच्या शाळेत बोलवा. ही मंडळं मानधनाला अडून बसत नाहीत. साधारण पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा, दोन चालू प्लग, येण्याजाण्याचं भाडं आणि पोरांना खायला, एवढ्यावर येतात. मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी आधीच कबूल करून घ्या. खेळानंतर अर्धा तास मोकळा ठेवायचा, आणि त्या अर्ध्या तासात शिक्षकांनी मागे बसायचं, पट्टी न घेता. सातवीच्या खालच्या वर्गांना बसवायचं असेल तर मंडळाला तसं सांगा, ते एक प्रवेश गाळतात.

दुपारचा खेळ ठेवू नका, पत्र्याखाली पोरं उकडून निघतात. सकाळी प्रार्थनेनंतर लगेच बरं. डबा मंडळवाले स्वतःचा आणतात. सुकट तुम्ही भाजून द्यायची, आणि जरा जास्त द्या, नाटक संपल्यावर तीच पोरं ती फस्त करतात.